सातच्या आत फोन

गंगुबाई मेश्रामांनी चौतीस वर्षं दिल्लीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे ट्रंक कॉल जोडले. सिमला, कुलू, मंडी ही गावं त्यांनी कानांनी पाहिली होती, डोळ्यांनी एकही नाही. नव्याण्णव साली निवृत्त झाल्या आणि पहिल्याच रविवारी फरीदाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये त्यांनी चहाबरोबर जाहीर केलं, "मी हिमाचलला चालले. एकटी. दोन अभयारण्यं बघणार, मासे धरणार. दहा दिवस."

मानेसरच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या मुलाचा, सिद्धांतचा, टोस्ट चहात पडला. "बिल्कुल नाही! आई, यार, या वयात?"

"अठ्ठावन्नाला वय म्हणतोस?"

आठवडाभर खडाजंगी झाली. सिद्धांतकडे एक खरं कारण होतं, पण ते घरात कुणी बोलत नसे. वीस वर्षांपूर्वी त्याचे वडील ऑफिसच्या दौऱ्यावर गेले आणि तिकडेच हार्ट अटॅकने वारले. खबर तिसऱ्या दिवशी पोचली. बायको ट्रंक ऑपरेटर असून! शेवटी तह झाला. रोज संध्याकाळी सातच्या आत फोन करायचा. एक जरी चुकला तरी सिद्धांत येणार आणि आईला घरी नेणार. गंगुबाईंनी कबूल केलं.

पहिल्या अभयारण्याच्या वेशीवर, नदीकाठी, चंद्रप्रभा नावाच्या बाईकडे त्यांनी खोली घेतली. पहाटे उठून कड्याखाली निमूट बसायच्या. तिसऱ्या सकाळी समोरच्या उतारावर घोरल, म्हणजे डोंगरातल्या रानशेळ्या, उतरल्या, आई आणि पिल्लू, आणि गंगुबाईंना इतका आनंद झाला की त्या चहा प्यायच्याच विसरल्या.

मासे मात्र दाद देईनात. परवाना काढून त्या रोज नदीवर जात, पण भंडाऱ्याच्या तलावावर बापाने शिकवलेली विद्या घेऊन: हळद घातलेली कणकेची गोळी गळाला लावायची आणि हलायचं नाही. नदीतले ट्राउट मासे त्या गोळीकडे ढुंकूनही बघत नव्हते.

"माताजी, ये रोटी नहीं खाती," चंद्रप्रभा हसून म्हणाली.

गंगुबाईंना राग आला, पण स्वतःचाच. पाचव्या दिवशी त्यांनी साडी खोचली, पाण्यातले दगड उलटले, खाली चिकटलेल्या अळ्या पाहिल्या आणि त्यातलीच एक गळाला लावून धार जिथे वळते तिथे सोडली. सव्वासहाला दोरी ताणली गेली.

फोनचं दुकान अर्ध्या तासाच्या चढावर होतं आणि सातला बंद व्हायचं. गंगुबाईंनी घड्याळ पाहिलं. दोरी कापली असती तर पोचता आलं असतं. त्यांनी घड्याळ काढून खिशात, म्हणजे ब्लाउजमध्ये, ठेवलं आणि दोन्ही हातांनी काठी धरली. मासा हट्टी होता, पण त्याची गाठ मेश्रामबाईंशी होती. बाहेर आला तेव्हा सात वाजून गेले होते.

सकाळी दुकान उघडताच त्यांनी फोन लावला. सून प्रणिता रडवेली झाली होती. "आई, तुम्ही ठीक आहात ना? हे रात्रीच्याच बसने निघाले!"

दुसऱ्या अभयारण्याची बस साडेबाराला होती. गंगुबाई बॅग टपावर चढवून स्टॅंडवर उभ्या राहिल्या. तोंड लपवून पळणं त्यांना जमलं नसतं. बारा वाजता सिद्धांत टॅक्सीतून उतरला. डोळे लाल, दाढी वाढलेली. आईला बघून त्याने गाडीच्या दाराला हात टेकला.

"ठरलं होतं, आई. चल."

"फोन मी चुकवला. चूक माझी. पण मी येत नाही."

"आणि बाबांसारखं झालं असतं तर?"

वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते बोललं. गंगुबाईंनी त्याच्या गालावर हात ठेवला.

"बाबा गेले तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. तुला तीन दिवस पुन्हा कधी मोजायला लागू नयेत म्हणून मी वीस वर्षं कुठे गेले नाही. आता तू मोठा झालास. मी अजून कितीदा थांबू?"

त्याने टपावरच्या बॅगेकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग मी तरी येतो सोबत."

त्यांना हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं.

"नको, बाळा. चंद्रप्रभाकडे जेव, झोप काढ आणि घरी जा. आणि फोनची वाट बघू नकोस. पाच दिवसांनी येईन."

कंडक्टरने शिट्टी मारली. गंगुबाई चढल्या, खिडकीशी बसल्या. बस वळेपर्यंत सिद्धांत रस्त्यात उभा होता. त्यांना रडू आवरेना, पण त्या उतरल्या नाहीत.