प्रवरेकाठच्या बोर्डिंगची हजेरीफळी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. कोल्हारजवळ प्रवरेकाठी मिशनचं मुलींचं बोर्डिंग आहे, त्याच्या दाराशेजारी मी टांगलेली असे. १९४१ साली कृपादान सुतारांनी मिशनच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, मोडक्या बाकापासून मला घडवलं. माझ्यावर बेचाळीस खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेका मुलीच्या नावाची लाकडी पट्टी. पट्टीची एक बाजू पांढरी, दुसरी काळी. मुलगी बाहेर जाताना आपली पट्टी काळी करी, परतली की पांढरी. तिन्हीसांजेला प्रार्थनेची घंटा झाली की मेट्रन एलिझाबेथबाई माझ्याकडे पाहत. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या दिसल्या, तरच दाराला अडसर पडे. सातवी झालेली मुलगी घरी जाताना आपली पट्टी नव्या मुलीच्या हातात देई. ही तिथली रीतच होती.

"फळी कधी चुकत नाही," असं बाई कौतुकानं म्हणत. मी सुखावून जाई.

पण मी चुकले. १९४३ च्या पावसाळ्यात अकरा वर्षांची रोझी नदीवर धुणं घेऊन गेली. तिला उशीर झाला. बाई रागावतील म्हणून तिची मैत्रीण कृपा हिनं गुपचूप तिची पट्टी पांढरी केली. बाईंनी मला पाहिलं आणि अडसर घातला. जेवणाच्या पंगतीत रोझीची जागा रिकामी दिसली, तोवर वरच्या डोंगरातल्या पावसाचा लोंढा नदीला येऊन गेला होता. रोझी सकाळी सापडली, दोन कोस खाली.

रोझीच पट्टी फिरवून पुन्हा पळाली असावी, असं सगळ्यांनी धरलं. कृपा गप्प राहिली. मला तर तोंडच नव्हतं. ती पट्टी घ्यायला कोणी नवी मुलगी तयार होईना. ती पांढरीच लटकत राहिली. पावसाळ्यात तिच्यातून पाणी ठिबके. माझ्यावरच्या बाकीच्या पट्ट्या कोरड्या असत.

दोन वर्षांनी असाच एक संध्याकाळचा प्रहर. घंटा झाली. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या. बाईंनी अडसराला हात घातला.

टक.

रोझीची पट्टी काळी झाली होती.

"वारा असंल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ती सरळ केली. अंगणातलं लिंबाचं पानही हलत नव्हतं. बाईंचा हात खाली येतो न येतो, तोच पुन्हा टक. मुली एकमेकींना बिलगल्या.

कृपा पुढं आली. "बाई, दार लावू नका. कुनीतरी भाईर हाय." आणि मग रडत म्हणाली, "त्या दिशी रोझीची पट्टी मीच फिरवली हुती. तिनं न्हाई."

बाईंनी अडसर सोडून कंदील उचलला. मग त्यांनी तो एकेकीच्या तोंडासमोर धरून मोजलं. एक मुलगी कमी होती. राजूरकडून आलेली आठ वर्षांची विजयमाला. तिचीही पट्टी मैत्रिणींनी फिरवली होती.

शेजारच्या मळ्यातला बन्सी मोटेचा जाड दोर, नाडा, घेऊन धावला. पुढचं मी मुलींच्या तोंडून ऐकलं. नदी फुगली होती, काही दिसत नव्हतं. कोणी हाक मारण्याआधीच पाण्यातून बारीक आवाज आला, "हजर... हजर..." त्या आवाजाच्या रोखानं बन्सी गेला. मधल्या खडकावर विजयमाला कंबरभर पाण्यात उभी होती.

"मला झोप याय लागली हुती," ती नंतर म्हणाली. "पन कुनीतरी माझं नाव घेऊन सारखी हजेरी घेत हुतं. मग मी वो देत ऱ्हायले."

"बाईचा आवाज होता का?" मुलींनी विचारलं.

"न्हाई. पोरीचा."

त्या रात्री बाईंनी कृपाला जवळ घेतलं. "दोन वर्षं एकटीच वाहिलंस गं हे?" एवढंच त्या म्हणाल्या. मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, रोझीच्या कबरीपाशी साऱ्या बोर्डिंगसमोर त्यांनी सांगितलं, "आपल्या रोझीनं खोटं केलं नव्हतं. आपण तिची माफी मागू." कृपानं पहिलं फूल ठेवलं. त्यानंतर ती पट्टी कधी ओली झाली नाही.

१९४९ साली छापील रजिस्टर आलं आणि मला सरपणाच्या खोलीत टेकवून ठेवलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. मित्रांनो, मैत्रिणीला वाचवायचं म्हणून तिच्या जागी तुम्ही खूण करू नका. तिला शोधायला जा. आणि फळी असो की रजिस्टर, त्यावर कितीही हजर दिसू द्या, दार लावण्याआधी एकदा बाहेर हाक मारा.