गिरणीतला धूळबंद डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. जेवणाचा नव्हे! पिठाच्या मोठ्या गिरणीत, दळणाच्या यंत्राशेजारी भिंतीवर बसलेला, विजेच्या तारा जोडण्याचा डबा. अंगाने जड, रंगाने राखाडी आणि स्वभावाने जरा शिष्टच.

ओतशाळेत वितळलेले ॲल्युमिनियम साच्यात ओतून मला घडवले. झाकणाच्या कडेला रबरी पट्टी बसवली, आठ बोल्ट दिले आणि तारा आत येण्यासाठी तीन भोके पाडली. वाटेत त्यांचे आटे खराब होऊ नयेत म्हणून त्यांना लाल प्लास्टिकची बुचे लावली. ती फक्त प्रवासापुरती होती.

गिरणीच्या वायरमनने मला हट्टाने मागवले. स्टोअरकीपर पत्र्याचा साधा डबा पुढे करत म्हणाला, "हा घे की! आजच बसवून मोकळा हो. डबा तो डबा."

"अहो, हवेत उडालेल्या पिठाला एक ठिणगी लागली ना, तर अख्खी गिरणी उडेल," वायरमन म्हणाला. "धूळ आत शिरणार नाही असाच डबा हवा. तार आवळायची ग्लँड तशीच हवी, पाइपाचे जोडही तसेच. दार भक्कम आणि खिडकी उघडी, काय उपयोग?"

त्याचे बोलणे ऐकून मी फुगून गेलो. त्याने दोन भोकांत ग्लँड घट्ट बसवल्या. तिसरे भोक लागणार नव्हते. त्यावरचे लाल बूच त्याने बोटाने ठोकून पाहिले आणि म्हणाला, "हे तर कारखान्यानंच बंद करून दिलंय." झाले! तिथे धातूचा आट्यांचा प्लग हवा होता. पण मला कुठे बोलता येते?

काही वर्षे बरी गेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वायरमन मला कौतुकाने दाखवायचा. इकडे यंत्राच्या थरथरीने बूच सैल होत होते आणि चिमूट चिमूट पीठ आत येऊन तारांच्या जोडांवर बसत होते. खरे सांगतो, मला भीती वाटायची. कारण माझ्याच खाली दिवसभर मावशी झाडायच्या. गिरणीला त्या मावशी, वायरमनला मात्र सासूबाई.

एका दुपारी त्यांनी झाडू थांबवला. "जावईबापू, तुमच्या डब्यात पीठ कोण भाजतंय?"

"आई, तो डबा मी स्वतः निवडलाय. त्यात मुंगीसुद्धा शिरणार नाही."

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. "डबा तुमचा असेल, नाक माझं आहे!" असे म्हणून त्यांनी सरळ यंत्राचे बटण दाबले. दळण थांबले. सुपरवायझर धावत आला. "मावशी, उगाच बंद केलं असेल ना, तर उद्यापासून कामावर येऊ नका!"

"नाही येत. पण आधी उघडा."

वायरमनचा चेहरा पडला. त्याने मुख्य वीज तोडली, हवेतली धूळ खाली बसू दिली, तारांत वीज नाही याची खात्री केली आणि माझे झाकण काढले. आत मूठभर पीठ होते. वरचे पांढरे, जोडापाशी तपकिरी आणि एका कडेला काळे पडलेले. बूच हात लावताच गळून पडले. सुपरवायझरने मान खाली घातली.

"चूक माझी आहे," वायरमन सगळ्यांसमोर म्हणाला. "आई, माफ करा."

मावशी म्हणाल्या, "माफीचं राहू द्या. मी इथंच जळाले असते, तर माझ्या लेकीला घरी जाऊन काय सांगितलं असतंत?"

वायरमनने मला पुसून स्वच्छ केले, काळवंडलेला जोड बदलला आणि तिसऱ्या भोकात धातूचा प्लग आवळला. मग गिरणीतला एकेक डबा उघडून तपासला. त्यात संध्याकाळ झाली. आणखी दोन डब्यांत पीठ सापडले.

मित्रांनो, माझ्यासारखा चांगला डबा जरूर निवडा. पण निवडून झाल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवू नका. आणि रोज त्याच्याखाली उभे राहून काम करणारे माणूस काही सांगत असेल, तर हसण्याआधी यंत्र थांबवा.