मागच्या गल्लीकडची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. एका चर्चच्या मागच्या भिंतीत माझा मुक्काम आहे. पुढच्या भिंतीतल्या माझ्या बहिणींना रंगीत काचा आहेत. लग्न लागलं की नवरा-नवरीला त्यांच्यासमोर उभं करून फोटो काढतात, त्यामुळे त्या भाव खाऊन असतात. माझ्या वाट्याला साध्या काचा आल्या आणि समोर एक अरुंद गल्ली आली. लहानपणी मला याचं फार वाईट वाटायचं. पुढे लक्षात आलं, की रंगीत काचेतून बाहेरचं काहीच धड दिसत नाही. मला मात्र दोन्हीकडचं दिसतं.

मला घडवलं एका म्हाताऱ्या सुताराने. तो कामाला फार हळू होता आणि तोंडाने फार फटकळ. त्याने मला उंच केलं, काचेची दोन पाखं, म्हणजे दारं, दिली आणि वर एक लहान झडप ठेवली. दोरी ओढली की झडप उघडते आणि सभागृहातली गरम हवा तिथून निघून जाते. मी पहिल्यांदा उघडले तेव्हा गल्लीतून असा छान वारा आत आला, की गायक-मंडळींच्या हातातले कागद उडाले. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, सुताराची पाठ थोपटली. सुतार म्हणाला, वारा काही मी आणलेला नाही, मी फक्त त्याला दार दाखवलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी इमानेइतबारे काम केलं. चर्चच्या किल्ल्या सांभाळणारे एक काका होते, त्यांना सगळे चावीवाले काका म्हणत. रविवारी उन्हं यायच्या आधी ते मला उघडत. माझ्यातून गाणी गल्लीत जात आणि इतर दिवशी गल्लीतून शिवणयंत्राचा आवाज आत येत असे. अगदी समोर, हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ, एका बाईची खोली होती. ती कपडे शिवून पोट भरायची आणि तिला सगळी मंडळी शिवणवाली मावशी म्हणायची. रविवारी तिचं यंत्र बंद असायचं. पांढरी साडी नेसून ती सगळ्यांत मागच्या बाकावर येऊन बसायची. आवाज बेताचा होता तिचा, पण एकही गीत तिने पुस्तकात पाहून म्हटलं नाही.

मग उन्हाळे बदलायला लागले. पूर्वी प्रवचन संपता संपता उकडायला लागायचं. पुढे पुढे पहिल्या गीतालाच पाठ भिजू लागली. त्यात आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चला येणाऱ्या लोकांची, एक रीत होती. उपासना दहा वाजता म्हणजे दहाच वाजता, आणि पुरुषांनी कोट घालूनच यायचं. दहाची ही वेळ जणू प्रभूनेच नेमून दिली होती, तिला हात लावायची कोणाची टाप नव्हती. वरचे पंखे बिचारे गरम हवाच ढवळत बसायचे. प्रवचन ऐकताना लोक गीतांच्या पुस्तकाने वारा घ्यायचे आणि पाळकसाहेबांना समोर नुसती पुस्तकंच हलताना दिसायची.

अशाच एका रविवारी पहिल्या बाकावरच्या आजी बसल्या जागी कलंडल्या. नव्वदी जवळ आलेलं माणूस ते. धावपळ झाली, पाणी शिंपडलं, त्या शुद्धीवर आल्या आणि प्रवचन संपलं का म्हणून विचारलं. पण त्यांच्या सुनेचा जीव भांड्यात पडायला आठवडा लागला. ही सून म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई. त्यांनी एखादं काम मनावर घेतलं की ते झाल्याशिवाय त्या कोणाला झोपू देत नसत. आता चर्चमध्ये एसी बसवायचाच, म्हणून त्या दारोदार हिंडल्या. सासूसाठी सून एवढी पळते हे पाहून मंडळीतल्या इतर सासवांनी आपापल्या सुनांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. मित्रांनो, मोठ्या बाईंचा मला कधीच राग आला नाही. आपल्या माणसाला असं कोसळताना पाहिलं तर कोणीही हेच केलं असतं.

एसी आले आणि माझी नोकरी गेली. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून माझी पाखं स्क्रूने पक्की केली आणि फटींत लांबीचा चिकट लगदा भरला. आतल्या बाजूला जाड पडदा लावायचं ठरलं. तो शिवायचं काम अर्थातच मावशीकडे आलं. माप घ्यायला ती स्टुलावर चढली, तेव्हा माझ्या चौकटीवरून तिने हात फिरवला आणि धूळ पदराने पुसली. एसीच्या बाहेर बसवायच्या पेट्या पुढच्या भिंतीवर चांगल्या दिसल्या नसत्या, फोटो खराब झाले असते. म्हणून त्या मागे, माझ्या दोन्ही बाजूंना ठोकल्या. पहिल्या रविवारी सभागृह असं गार झालं, की कोट घातलेल्यांना कोटाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. देवाचे आभार मानले गेले. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. थोड्याच दिवसांत माझा रंग पोपडे धरून सुटू लागला आणि एका कोळ्याने झडपेत संसार थाटला.

पडद्यामुळे मला आतलं दिसेनासं झालं. ऐकू मात्र यायचं. आणि बाहेरचं सगळं दिसायचं.

त्या पेट्या आतली उष्णता ओढून गल्लीत सोडत. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोर छत्र्या घेऊन दोन माणसं आली तर एकाला मागे जावं लागे. ते गरम वारं जाणार कुठे? ते सरळ मावशीच्या खिडकीवर आदळायचं. रविवारपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण चर्च गार झालं तशी लोकांना चर्चची गोडी लागली. गाण्याचा सराव, तरुणांची सभा, चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाची बैठक, सगळं तिथेच होऊ लागलं आणि पेट्या रोज घोंघावू लागल्या. मावशीने आधी यंत्र खिडकीपासून हलवलं. मग खिडकी अर्धी लोटली. मग ती पूर्ण बंदच झाली. तिच्या खोलीला दुसरी खिडकी नव्हती.

त्या उन्हाळ्यात मावशी आजारी पडली. चार पावलं चालली तरी तिला धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे, हवेशीर ठेवा, उकाडा यांना सोसणार नाही. तिची मुलगी चपलांच्या दुकानात कामाला होती. कामावरून आल्यावर ती ओला टॉवेल घेऊन आईच्या उशाशी बसायची. काचेतून मला मावशीची छाती वरखाली होताना दिसायची. प्रत्येक दुपारी वाटायचं, आजचा दिवस निघतो की नाही.

मावशी चर्चला येईनाशी झाली, तसं तिचं नाव आजाऱ्यांच्या प्रार्थनेत येऊ लागलं. पाळकसाहेब मनापासून म्हणायचे, प्रभू, आमच्या मावशीला या उकाड्यात आराम दे, तिच्या खोलीत गारवा पाठव. सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणायची. कोणाच्या मनात खोट नव्हती, काहींचे डोळेही भरून यायचे. आणि त्याच वेळी माझ्या दोन्ही बाजूंच्या पेट्या त्या आमेनची उष्णता तिच्या खिडकीवर ओतत असायच्या. दोन्हीकडचं ठाऊक असलेली मी एकटी, आणि मला स्क्रू ठोकलेले. इतकी लाचार मी कधीच नव्हते.

उपासनेनंतर आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करायची, ही आमच्या मंडळीची आणखी एक रीत. एका रविवारी मोठ्या बाई फळं आणि बायबल घेऊन मावशीकडे गेल्या. इकडे आत पंचमंडळाची बैठक चालू होती, त्यामुळे पेट्याही चालूच होत्या. खोलीत पाऊल टाकताच बाईंना घामाच्या धारा लागल्या. इतक्या उकाड्यात खिडकी का लावली, असं त्यांनी विचारलं. मुलगी काहीतरी बोलणार होती, पण मावशीने डोळ्यांनीच तिला दटावलं. आवाज होतो गल्लीचा, एवढंच मावशी म्हणाली.

बाई शेवटी शाळेच्या मुख्याध्यापिका. उत्तर चुकीचं आहे हे त्यांना उत्तर पूर्ण व्हायच्या आत कळायचं. त्या उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने खिडकी उघडली.

भट्टीचं दार उघडावं तसा झोत त्यांच्या तोंडावर आला. हातातल्या पवित्र शास्त्राची पानं फडफडली. बाईंनी समोर पाहिलं. समोर मी होते, माझ्या अंगाचे पोपडे होते आणि त्या दोन पेट्या होत्या. चेहऱ्यावरचा घामही त्यांनी पुसला नाही.

"कधीपासून असं आहे?" त्यांनी विचारलं.

"एसी बसवला तेव्हापासून," मुलगी म्हणाली. "मी कितीदा म्हटलं, जाऊन सांगते. ही सांगूच देत नाही."

"सांगायचं काय त्यात?" मावशी दम खात म्हणाली. "देवाचं काम आहे ते. आणि आजींना तिथं बरं वाटतं ना, मग झालं. माझं काय, चार दिवस इकडं की तिकडं."

बाईंनी त्या दिवशी प्रार्थना केली नाही. त्यांनी खिडकी लावून घेतली, मावशीचा हात क्षणभर हातात धरला आणि त्या तडक चर्चमध्ये आल्या. बैठक ऐन रंगात होती. पडद्यामागून मला त्यांच्या चपलांचा आवाज ओळखू आला.

"आधी ते एसी बंद करा," त्या म्हणाल्या.

कोणीतरी विचारलं, काय झालं, बिघडले का? बाईंचा आवाज शाळेत कधी कापला नसेल, तो तेव्हा कापला.

"आपण इथं बसून मावशीसाठी गारवा मागतोय. आणि तिचा होता तेवढा गारवाही आपणच काढून घेतलाय. खरं वाटत नसेल तर मागच्या गल्लीत जाऊन उभे राहा. मीच हिंडून हे मशीन आणलं, म्हणून मीच सांगतेय."

सगळे एकामागून एक गल्लीत आले. कोट घातलेली ती माणसं गरम वाऱ्यात उभी राहिली आणि एकमेकांकडे बघायचं टाळू लागली. पाळकसाहेब मावशीच्या बंद खिडकीकडे पाहत राहिले. आत परतल्यावर वाद झालाच. एक जण म्हणाला, पेट्या छतावर नेऊ. दुसरा म्हणाला, त्याला महिना लागेल. तिसऱ्याने आवाज चढवून विचारलं, तोवर म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं, आजींना पुन्हा चक्कर आली तर जबाबदार कोण? या प्रश्नावर बाईंनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला मावशी.

तेवढ्यात घरी न्यायला सून कधी येते म्हणून पहिल्या बाकावर वाट बघत बसलेल्या आजींनी काठी आपटली.

"मला चक्कर आली ती दहाच्या उन्हानं," आजी म्हणाल्या. "सकाळी सहाला बोलवा, मी येते. तशीही पहाटेपासून टक्क जागी असते मी. उठवत नाही तुम्हा लोकांना, आणि नाव माझं पुढं करता."

मित्रांनो, एसी बंद ठेवून उपासना सकाळी सहाला घ्यायचं ठरलं आणि त्या दिवशी माझे स्क्रू निघाले. चावीवाले काका आता थकले होते, तरी त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. लांबी खरवडताना माझं लाकूड सोललं गेलं, बिजागऱ्या कुरकुरल्या, कोळ्याला घर बदलावं लागलं. पण पडदा सरला, पाखं उघडली आणि इतक्या दिवसांनी मला पुन्हा आत आणि बाहेर एकदम दिसलं, तेव्हा मला अगदी भरून आलं.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं मात्र समजू नका. सहाची उपासना काहींना मानवली नाही. दोन-तीन घरं दुसऱ्या, गारेगार चर्चला जाऊ लागली. छतावर पेट्या नेल्या तरी ते वारं शेवटी जाणार कुठे, असं आजींनी विचारलं. त्यावर पाळकसाहेब पुढच्या रविवारी बोलले. देवाने ही पृथ्वी आपल्याला सांभाळायला दिली, आणि आपण तिची फक्त पुढची बाजू सांभाळली, असं ते म्हणाले. घराच्या मागच्या दाराने आपला धूर, आपलं सांडपाणी, आपली उष्णता बाहेर जाते. ती ज्यांच्या दारात जाते त्यांच्यासाठी मग आपणच प्रार्थना करतो. ती केलीच पाहिजे, पण आधी मागच्या दाराला जाऊन बघितलं पाहिजे. त्या दिवशी त्यांच्या अंगात कोट नव्हता, आणि कोणाच्याच नव्हता.

उन्हं अजून यायची होती. समोरची खिडकीही सताड उघडी होती. मुलीने मावशीला उशांना टेकवून खिडकीशी बसवलं होतं. तिची धाप थांबली नव्हती, पण चेहरा ओला नव्हता. आजाऱ्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाला मोठ्याने प्रार्थना करायची आहे का? गल्लीपलीकडून आवाज आला, बारीक आणि तुटक. मावशी डोळे मिटून म्हणत होती, "प्रभू, माझ्यासाठी ही माणसं आज उकाड्यात बसलीत. त्यांना थोडं वारं दे."

आमेन म्हणताना त्या दिवशी सगळी मंडळी माझ्याकडे वळली होती.

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेलाचा थेंब मिळाला तर मला बरं वाटेल, पण माझं मागणं ते नाही. तुम्ही कधी एखाद्या गार खोलीत बसला असाल, तर एकदा उठा. बाहेर पडा, वळसा घालून मागे जा आणि त्या पेटीसमोर आपला हात धरा. आणि मग मान वर करून बघा, समोर कोणाची खिडकी बंद आहे.