पांढरा भुसा

लकडगंजात सुतारकाम करणारे आमचे हे चार वर्षं घबराटीच्या गोळीवर होते. एकदा ती एकदम सोडली, तर हातात करवत ठरेना. डॉक्टर रागावले, "हळूहळू कमी करा!"

तेव्हापासून हे रोज गोळी पॉलिश पेपरवर घासून मगच घेत. दर आठवड्याला जरा जास्त घासत. पडलेली पूड मात्र डबीत जपत.

"ठेवता काहून जी?"

"सुतार भुसा फेकत नाही. सरसात कालवून फटी भरतो."

माझा काही विश्वास बसला नाही.

वर्षाने गोळी सुटली. मी डबी उघडली, तर रिकामी!

"खाल्ली ना शेवटी?" मी कडाडले.

त्यांनी आमचं नेहमी डुगडुगणारं स्टूल पुढे सरकवलं. पायाच्या फटीत पांढरा भराव होता.

"बस वं. आता हालत नाही."