चार हजार एकशे सतराची पुडी

"मावशी, चार हजार एकशे सतरा काढता? बियांची पुडी उघडायचीये, म्हणून तुम्हीच हव्यात."

सलोनीने हे फोनवरची नजर न हलवता सांगितलं. मुमताजने कपाटाला किल्ली लावली. दार उघडताच डांबरगोळ्यांचा वास बाहेर आला आणि सलोनीने ओढणी नाकाला लावली. मुमताजला तो वास यायचा बंद होऊन वीसेक वर्षं झाली होती.

विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या या खोलीत बावन्न हजार वाळलेली झाडं जाड पांढऱ्या कागदांवर शिवून ठेवलेली आहेत. कागदाला इथे शीट म्हणतात. उजव्या कोपऱ्यात लेबल: झाड कोणतं, कुठे सापडलं, कोणी आणलं, कधी. गळलेल्या बिया कागदाच्या पुडीत घालून ती पुडी शीटवरच चिकटवायची. पुडी उघडण्याचा अधिकार एकट्या मुमताजला. प्राध्यापकांनी उघडली की बिया जमिनीवर जातात आणि तिथून मुंग्यांकडे.

या इमारतीत कोण काय व्हायला निघालं होतं आणि कशात अडकलं, याची बेरीज आजवर कोणाला जमलेली नाही. विभागप्रमुख केयूर सर डॉक्टर व्हायचे होते. दोन मार्कांनी हुकलं, तेव्हापासून ते परागकणांनी पुणेकरांना शिंका का येतात यावर काम करतात आणि स्वतः बारमाही शिंकतात. आमोद सर पूर्वी बँकेत कॅशियर होते. आता झाडांच्या खोडांवरचं दगडफूल मोजतात, तेही बोट ओलं करून. सलोनी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायची. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळत होता, तो सोडून ती एका नाहीशा झालेल्या फुलाच्या मागे लागली. आणि मुमताज येरवड्यात साड्यांना फॉल लावायची. तिने लावलेला एक फॉल तेव्हा इथे शिकवणाऱ्या यज्ञेश्वर सरांनी उलटून बघितला, टाका दिसेना, म्हणून त्यांनी तिला झाडं शिवायला बोलावलं. आधी रोजंदारी, मग कायम. एप्रिलमध्ये निवृत्ती.

चार हजार एकशे सतरा म्हणजे सरांचं फूल. एरवी कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवरच उगवणारं हे झाड यज्ञेश्वर सरांना दोन हजार एक साली वारज्याच्या मागच्या टेकडीवर सापडलं होतं. पुरावा म्हणून ही एकच शीट. पुढे टेकडीवर इमारती आल्या आणि ते परत कोणाला दिसलं नाही. ते का नाहीसं झालं हा सलोनीचा विषय. तीन वर्षं दर सप्टेंबरला तिने ती टेकडी गुडघ्यांवर पालथी घातली होती.

मुमताजने चिमट्याने पुडी उकलली. ती वर्तमानपत्राच्या कागदाची होती. पांढरा कागद संपला की झाड ज्या पेपरात वाळलं त्याचीच पुडी करायची तिची जुनी पद्धत. आतल्या घडीवर अर्धी जाहिरात होती. कुठल्याशा साडी सेंटरची, चतुर्थीनिमित्त सवलत, बाजारपेठ, सावंतवाडी.

ती जाहिरात तिने दोनदा वाचली. ज्या गावाला झाडं गोळा करायला जावं तिथलेच पेपर रद्दीवाल्याकडून घेऊन त्यात झाडं दाबायची, हा सरांचा शिरस्ता. वारज्याच्या टेकडीवरचं झाड सावंतवाडीच्या पेपरात कसं वाळेल?

मग तिला ती दुपार आठवली. सर मंगळवारी कोकणातून आले होते आणि गुरुवारी वारज्याला जाऊन आले. दोन्ही गठ्ठे एकाच टेबलावर होते. कोणीतरी पंखा पाचावर केला आणि कुठलं झाड ते लिहून दोऱ्याने बांधलेल्या दोन झाडांच्या चिठ्ठ्या सुटून खाली पडल्या. दोन्ही झाडं वीतभर, दोन्हींना पिवळी फुलं. मुमताजने अंदाजाने चिठ्ठ्या बांधल्या. रोजंदारीचा सातवा महिना होता. ती कोणाला बोलली नाही.

"मावशी, बिया आहेत ना?"

"आहेत. आज नको नेऊस."

"का?"

"शनिवारी ये. सांगते."

केयूर सरांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा शिंकले आणि केबिनचं दार लोटलं.

"मुमताजताई, हे आणखी कोणाला माहितीये?"

"तुम्हाला."

"मग इथेच राहू दे. यज्ञेश्वर सरांचा पंच्याहत्तरीचा गौरव अंक छापखान्यात आहे. मुखपृष्ठावर काय आहे, माहितीये?"

"फूल."

"तेच फूल. आणि तुम्ही एप्रिलमध्ये सुटताय. कशाला अंगावर घेता? ती शीट आपल्या सगळ्यांच्या नंतरही राहणारे."

"म्हणूनच म्हणते, सर."

केयूर सरांनी हातरुमाल शोधला. "लेबल काढता येत नाही, नियम माहितीये ना?"

मुमताजला नियम न सांगितले तरी चाललं असतं. एकदा लावलेलं लेबल कधीही काढायचं नाही, खोडायचं नाही. चुकलं असेल तर शेजारी नवी चिठ्ठी लावायची: काय चुकलं, कोणी ठरवलं, सही, तारीख. म्हणून काही शीटवर एकाखाली एक पाच-पाच चिठ्ठ्या आहेत. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं तिथे शंभर वर्षं शेजारी राहतात.

"चिठ्ठी लावीन," ती म्हणाली.

"तज्ज्ञाची सही लागते. तुमची नाही चालणार."

"चूक करताना कोणी डिग्री विचारली नव्हती."

शुक्रवारी संध्याकाळी ती कोथरूडला गेली. यज्ञेश्वर सरांनी दार स्वतः उघडलं. टेबलावर गौरव अंकाची मुद्रितं पसरली होती. सर लाल पेनाने स्वतःच्या कौतुकातल्या चुका दुरुस्त करत होते.

"या, मुमताजबाई. बसा. 'थोर' हा शब्द चार वेळा आलाय. दोन काढले."

तिने सगळं सांगितलं, पंख्यापासून साडी सेंटरपर्यंत. सरांनी पेनाला टोपण लावलं.

"पुडी कुठाय?"

"कपाटात. बाहेर न्यायची नाही, तुमचाच नियम आहे."

"तेवीस वर्षं गप्प बसलात?"

"चिठ्ठ्या सुटल्याचं नाही सांगितलं, ते चुकलंच माझं. अंदाज बरोबर आला असेल असं धरून चालले. तो चुकला, हे परवा कळलं."

"आणि दुसरं झाड?"

"चार हजार त्र्याण्णव. लेबल सावंतवाडीचं, झाड वारज्याचं. ते कुठेही उगवतं. ती शीट आजवर कोणी मागितली नाही."

सर गॅलरीच्या दाराकडे बघत राहिले. "वारज्याचं टिपण मी घरी येऊन लिहिलं होतं. टेकडीवर पावसाने वही भिजली. 'लहान रोप, पिवळं फूल', एवढंच. नाव सहा महिन्यांनी ठरवलं, तुमच्या शीटवरून." जरा थांबून ते म्हणाले, "पुढे अकरा वर्षं मी दर सप्टेंबरला तिथे जात होतो. सापडलं नाही. नाहीसं झालं असं लिहिलं. मला सापडत नाही असं लिहायला हवं होतं."



"एक करा," सर म्हणाले. "समारंभ बारा जानेवारीला आहे. तेरा तारखेला चिठ्ठी लावा. मी स्वतः सही करीन. महिन्याभराचा तर प्रश्न आहे."

"सोमवारी सलोनी सेमिनार देणारे. सगळ्यांसमोर उभी राहून सांगणारे, की फूल वारज्याहून का गेलं. ते तिथे नव्हतंच, सर."

"मग तुम्ही मला विचारायला आलात, का सांगायला?"

"सांगायला."

सरांनी मुद्रितं सारखी केली. ती सारखीच होती. एरवी ते तिला लिफ्टपर्यंत सोडायला यायचे. त्या दिवशी दार तिने ओढून घेतलं.

शनिवारी सलोनीने पुडीवरची जाहिरात वाचली, फोनवर तिचा फोटो काढला आणि फोन पालथा ठेवला.

"तीन सीझन, मावशी. माझी टाचदुखी त्याच टेकडीवरची आहे."

"हो."

"आई म्हणते, नोकरी सोडून गवत बघतेस. आता गवतही नाही." ती बाहेर गेली. तासाभराने परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात वही होती. "त्र्याण्णव काढा. सोमवारी काय सांगायचं ते मी बघते. पण खोटं नाही सांगणार." मग कपाटाकडे बघत म्हणाली, "तुमच्यावर राग आहे अजून. राहील थोडे दिवस."

"राहू दे."

तिचं काम संपल्यावर मुमताजने चिठ्ठी लिहिली. दोन कागद फुकट गेले, कारण इतक्या वर्षांत तिने इथे स्वतःचं असं काही लिहिलं नव्हतं. अक्षर लेबलांच्या चौकटीत बसेना. शेवटी लिहिलं: "वरील लेबल चुकीच्या झाडास लागले आहे. हे झाड सावंतवाडी येथील. पुरावा: पुडीचा कागद. चिठ्ठ्या बदलण्याची चूक माझी. मुमताज आतार." तारीख घातली. लेबलाशेजारी खळ लावून चिकटवली, वर टिपकागद ठेवला आणि त्यावर पितळी वजन. तशीच एक चार हजार त्र्याण्णववर. केयूर सर दारात येऊन उभे राहिले, त्यांनी वजनाकडे बघितलं आणि गेले. शिंक जिन्यात ऐकू आली.

सोमवारी सव्वादहाला यज्ञेश्वर सर आले. कोथरूडहून बसने आले असावेत. चेहऱ्यावर घाम होता आणि शर्टाच्या खिशातून तिकीट डोकावत होतं. दोन जिने चढल्याने त्यांना बोलवत नव्हतं. त्यांनी नुसतं बोटाने टेबल दाखवलं. मुमताजने दोन्ही शीट मांडल्या आणि भिंग पुढे केलं.

सरांनी पुडीची जाहिरात वाचली. मग त्र्याण्णववरचं झाड बराच वेळ बघितलं. कोणीही पायाखाली घालावं असं झाड, पण टेकडीवरून खरंच त्यांनी आणलेलं.

"सेमिनार कितीला?"

"अकराला."

"मी बसेन. पहिला प्रश्न मलाच विचारतील, त्या पोरीला नको." त्यांनी भिंग पुन्हा सतरावर आणलं, तिच्या चिठ्ठीवर. "आतार," ते म्हणाले. "तुमचं आडनाव मला माहीत नव्हतं."

"कधी लागलं नाही, सर."

सरांनी खिशातून पेन काढलं. चिठ्ठीवर तिच्या नावाखाली जेमतेम बोटभर जागा होती. ते पेन धरून थांबले.

"इथे मावणार नाही."

"बारीक लिहा," मुमताज म्हणाली.

त्यांनी चष्मा वर केला, खाली वाकले आणि बारीक लिहायला लागले. शीट हलू नये म्हणून तिने एक कडा धरून ठेवली.