बांधाआडचं दुखणं

"अरे, जमीन वाळायला लागली आणि तू परत बांधाआड? वाफसा काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

मी थोरल्या भावावर ओरडलो. वरचं शेत पेरायचं होतं. ओल फार तर दोन दिवसांची आणि वारा कोरडा सुटलेला. मी बैल हाकत होतो, पाभरीत बी दादा सोडत होता. पण दर दोन फेऱ्यांना तो पाभर सोडून बांधाआड जायचा आणि गेला की तिकडचाच व्हायचा. बैल उभे, मी उभा.

"आलो," एवढंच म्हणाला. आला, बी धरलं. पुढच्या फेरीला पुन्हा निघाला.

"कामचुकारपणाच करायचा तर घरी बस की! तुझ्या सुनेला पाठव, ती तुझ्यापेक्षा नीट पेरेल."

दादा उलट बोलला नाही. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून तो कुणालाच उलट बोलत नव्हता. वाढलं की जेवायचा, सांगितलं की उठायचा. तिला पोचवून आलो त्या दिवशीही त्याचा डोळा ओला झाला नाही. लोक म्हणाले, दगड आहे. मलाही तसंच वाटायचं.

रागाच्या भरात मी बांध चढून गेलो. दादा झाडाच्या सालीला कपाळ टेकून उभा होता. पायाशी माती भिजली होती ती तळहाताएवढी.

"होईल, होईल," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"झालं दीड वर्ष."

"आणि बोलला नाहीस?"

"कुणाला बोलू? सुनेला?"

दुखणं हत्तीच्या पायानं येतं म्हणतात. दादाचं मुंगीच्या पायानं आलं होतं, म्हणून घरात कुणाला ऐकू गेलं नाही.

पेरणी उरकली आणि त्याला वैद्यबाईंकडे नेलं. त्यांचा बाप वैद्य होता, त्याच्यामागे या रोगी बघायच्या. दादा उंबऱ्यातच अडला. "बाईमाणसापुढं हे कसं सांगायचं?"

बाईंनी आतून ऐकलं. "काका, इथं येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हेच असतं. सांगतात मात्र खोकला. या आत. धार बारीक? थांबून थांबून? झालं तरी राहिल्यासारखं वाटतं?"

दादानं तीनदा मान हलवली.

त्यांनी नाडी पाहिली, ओटीपोट दाबलं. "मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषांना एक गाठ असते. वय झालं की फुगते, वाट अरुंद होते."

"गाठ?" दादानं पहिल्यांदा वर पाहिलं.

बाईंना वहिनीचं ठाऊक होतं. आवाज उतरवून म्हणाल्या, "बहुतेकांची साधीच असते. पण नाडीवरून मी शपथ नाही घेणार. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासून घ्या."

मग गोखरूची काटेरी फळं आणि वायवर्ण्याची साल पुडीत बांधली. "चार वाट्या पाण्याची एक वाटी होईपर्यंत आटवायचं. सकाळी घ्यायचं. लघवी लागली तर तुंबवून धरायची नाही. आणि कधी साफ अडली, तर माझ्याकडे काढा मागायला यायचं नाही. तडक दवाखाना."

सून रोज काढा उकळायची. कशाचा, ते तिनं विचारलं नाही. दादाही कडू म्हणाला नाही की गोड. महिनाभरात त्याच्या दहा खेपांच्या चार झाल्या. मला वाटलं, जिंकलो. रक्त तपासायचं तेवढं राहिलं. राहिलं म्हणजे दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही.

कापणीला ऐन दुपारी दादा पेंढीवर बसला तो उठेना. तोंड राखेसारखं झालेलं.

"सकाळपासून एक थेंब नाही," म्हणाला. पोटाला हात लावला तर ढोलासारखं ताठ.

मी धावत वैद्यबाईंकडे गेलो आणि नको तेच बोललो, "जरा कडक काढा द्या."

बाईंनी पायात चपला सरकवल्या. "ट्रॅक्टर काढा. आता काढ्याचं काम नाही, नळीचं आहे."

त्या ट्रॉलीत दादाचं मनगट धरून बसल्या. सबंध वाटेत तो कण्हलासुद्धा नाही.

दवाखान्यात नळी घातली. खाटेला टांगलेली पिशवी भरत गेली. दादा तिच्याकडे बघत राहिला. मग पोती मोजावीत तशा आवाजात म्हणाला, "तीही अशीच गप्प राहिली. काखेत गाठ घेऊन भाकऱ्या थापत होती. हात आखडलेला मला दिसायचा. मी विचारलं नाही."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

दादाचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. घरी आल्यावर सून रडली, मी देवळात जाऊन आलो. दादा म्हणाला, "बरं."

दोन महिन्यांनी आम्ही वैद्यबाईंना कागद दाखवायला गेलो. त्यांनी ते वाचून घडी घातली. "छान झालं, काका. आता त्रास?"

"नाही."

आम्ही उठलो. दारापाशी दादा वळला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "याचं पण बघा. रात्री पाच-पाच वेळा उठतो. भिंतीपलीकडून ऐकतो मी."

"छे! मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं.

दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला स्टुलावर दाबून बसवलं. वहिनी गेल्यापासून त्यानं कुणाला असा हात लावला नव्हता.

"धार बारीक?" बाईंनी विचारलं.

मी दादाकडे पाहिलं. तो बाहेर जाईल असं वाटलं होतं. तो तिथंच उभा राहिला.

"हो," मी म्हटलं.