पान धड आहे

“श्वास आत घ्यायचा, धरायचा, मग खोकं उघडायचं. आपल्या तोंडाची वाफसुद्धा पानाला सोसत नाही, फुलाबाई.”

हे शिकवणारे दप्तरखान्याचे जुने कारकून कुंडलिकराव निवृत्त झाले, पुढं वारलेही. पण भोरच्या दप्तरखान्यातलं ते सपाट खोकं हाती घेतलं की शिपाई फुलाबाईंना त्यांचाच आवाज ऐकू यायचा. आज मात्र खोकं आत होतं आणि त्या बाहेर. आत वाळवीचं औषध मारलं होतं आणि दाराच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. पायरीवर बिरूबाबा बसले होते, शेजारी घोंगडं निथळत होतं.

हिर्डोशीच्या वर, डोंगराच्या कुशीत त्यांचा धनगरवाडा. दर श्रावणात ते पान बघायला खाली उतरत. इंग्रजी अमदानीत घाटाचा रस्ता आखायला आलेल्या कुण्या साहेबाबरोबर एक चितारी होता. त्यानं वाड्यावरच्या पिंपळाचं पान घेतलं, जाळी होईस्तोवर पाण्यात ठेवलं आणि त्यावर वाड्याची देवी रंगवली. पिवळं लुगडं, मागं डोंगर. पुढं देऊळ पडलं, पिंपळही एका वादळात उन्मळला. पान मात्र साहेबाच्या कागदांबरोबर भोरच्या दप्तरात गेलं होतं, ते राहिलं. पान धड तोवर डोंगर धड, हे वाड्यावर लहान पोरांनाही ठाऊक.

“आठवडाभर दार उघडायचं नाही, बाबा. औषध विषारी आहे.”

“आन तवर म्या हितं काय करू? तुज्या मॅडमची मेंढरं राखू?”

फुलाबाई हसल्या. म्हातारा हसला नाही.

“लेकी, देवळाच्या चौथऱ्यामागं भुई फाटलीया. घरांची दारं लागंनात. झऱ्याला गढूळ येतंय, आन कुत्री वाड्यावर निजत न्हाईत. सरकारी मानसं आली व्हती. खाली साळंत चला म्हनली. आमी म्हनलं, आदी पान बगू.”

“खाली या ना मग, बाबा. पान कशाला बघायला हवं?”

“आईला न इचारता उटायचं व्हय?” ते घोंगडं झटकत उठले. “मला मागं जायला पायजे, जित्राबं हायेत. तू बग, आन वर येऊन सांग. फोन लागत न्हाई. लागला तरी फोनवरचं कोन खरं धरतंय? तुजं धरतील. तू नेमाची बाई.”

नेम साधाच होता. पहाटे तुळशीला पाणी घालायचं आणि आजचा दिवस खोटं बोलणार नाही, एवढं तिला सांगायचं. नवरा गेल्यापासून तो कधी चुकला नव्हता. नवीन साडी कशी दिसते ते फुलाबाईंना तेवढं विचारू नका गं, अशी शेजारणी चेष्टा करायच्या.

“जे दिसेल ते येऊन सांगीन,” त्या म्हणाल्या. “शब्द देते.”

पाऊस हटला नाही. घाटाकडं गेलेली एसटी अर्ध्यातून परतू लागली. सोमवारचा उपास सोडण्याआधी फुलाबाई देवळात गेल्या, हात जोडले आणि त्यांच्या तोंडून निघालं, “आई, ते पान फाटू दे.” बोलल्यावर त्यांनी झटकन कान धरले. देवाच्या वस्तूचं वाईट त्यांनी उभ्या जन्मात चिंतलं नव्हतं.

पट्ट्या निघाल्या. फुलाबाईंनी श्वास धरला आणि खोकं उघडलं.

पान धड होतं. एक शीर तुटली नव्हती. देवी तशीच समोर बघत होती.

“किती सुंदर राहिलंय,” शेफालीमॅडम म्हणाल्या. दप्तरखान्यात नव्यानंच आलेल्या, पुण्याच्या. वाड्याची सगळी हकिगत त्यांना ठाऊक होती. फुलाबाईंचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. “तडा गेला म्हणून सांगा त्यांना. कुणाला कळणार आहे?”

“मला.”

“तुमचा नेम त्यांच्या जिवापेक्षा मोठा आहे का, फुलाबाई?”

नव्हता. तेच तर जड होतं. पानाचा वाळका देठ समोर होता. नखानं नुसता दाबला असता तरी पान चिरलं असतं, आणि मग खोटंही बोलावं लागलं नसतं. फुलाबाईंनी दोन्ही हात मागं घेतले आणि पदरात गुंडाळले.

देठावरची नजर त्यांनी देवीकडं नेली.

“मॅडम, ह्या पिंपळाची बाकीची पानं कुठं असतील?”

“बाकीची? मातीत गेली असणार. झाडच गेलं ना.”

“झाड गेलं. देऊळ गेलं. वर होतं ते सगळं गेलं.” त्यांनी पानाकडं बोट दाखवलं. “हे एक खाली आलं.”

शेफालीमॅडम खोक्याजवळ सरकल्या. त्यांनी झाकण हळू लावलं. “ऐकतील?”

“कोण जाणे. पण हे खोटं नाही.”

हिर्डोशीला एसटीतून त्या एकट्याच उतरल्या. पुढं घाट बंद होता. फाट्यावरच्या चहावाल्या गोरखनं टपरीतून हाक मारली, “मावशी, वर जाऊ नगा. सकाळधरनं वढा बंद झालाय.”

“बंद म्हणजे?”

“पानीच न्हाई. येवडा पाऊस पडतोय, आन थेंब न्हाई. वर कुठंतरी तटलंय, कवा फुटंल सांगता येत न्हाई.”

फुलाबाईंनी ओढ्याकडं पाहिलं. नुसते ओले दगड. त्यांच्यामागं डोंगर असायचा तिथं ढग होता.

“वाड्यावर चालता न येणारी माणसं आहेत का?”

“सोजराबाई. आन एक बाळंतीण.”

“मग एखादा टेम्पो थांबवून ठेव, बाबा.”

त्यांनी चपला काढून बाकड्याखाली सरकवल्या, पदर कमरेला खोचला आणि ओढा ओलांडून चढणीला लागल्या.